ऑर्फियसला मागे वळू देणारं नाटक

फ्लॉरेन्समध्ये १६०० साली मारिया दे मेदिचीच्या लग्नसोहळ्यात याकोपो पेरीचा ‘एउरिदिचे’ हा ऑपेरा झाला. संपूर्ण संगीतासह टिकलेल्या ऑपेरांत तो सर्वांत जुना. कथा ऑर्फियसची. मेलेल्या बायकोसाठी, युरिडिसीसाठी, तो गात गात पाताळात उतरतो. तिथला राजा हेडीज विरघळतो, पण एक अट घातली जाते: वर पोचेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. ऑर्फियस पाहतो आणि तिला कायमचं गमावतो.

रोमन कवी व्हर्जिल आणि ओव्हिड यांनी सांगितलेली कथा ही अशी. लग्नघरात ती कशी चालणार? पेरीच्या ऑपेरात अटच काढून टाकलेली आहे; दोघं सुखरूप परततात. १७६२ साली व्हिएन्नात संगीतकार ग्लुकनं अट ठेवली, पण शेवटी प्रेमदेवता येऊन नायिकेला जिवंत करते. १८५८ साली पॅरिसमध्ये ऑफेनबाखनं तर फार्सच केला. त्याच्या नवरा-बायकोला एकमेकांचं तोंड पाहवत नाही!

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातली गायिका-गीतकार अनेइस मिचेल हिनं मात्र मूळ शेवटाला हात लावला नाही. तिचं ‘हेडीजटाउन’ २००६ साली तिथल्या छोट्या गावांत हौशी प्रयोग म्हणून सुरू झालं, २०१० साली त्याचा अल्बम निघाला. मग दिग्दर्शिका रेचेल चॅव्हकिनच्या साथीनं ते रंगभूमीसाठी नव्यानं घडलं आणि एप्रिल २०१९ मध्ये ब्रॉडवेवर आलं. त्या वर्षी त्याला १४ टोनी नामांकनं आणि ८ पुरस्कार मिळाले. सूत्रधार हर्मिस झालेले आंद्रे डी शील्ड्स हे त्या विजेत्यांपैकी एक.

मिचेलनं बदललं ते मरणाचं कारण. व्हर्जिलच्या युरिडिसीला साप चावतो. इथली युरिडिसी भुकेली आहे. ऑर्फियस गाणं पुरं करण्यात गुंग, घरात अन्न नाही, बाहेर थंडी. हेडीज काम देऊ करतो, ती करारावर सही करते. पाताळ म्हणजे त्याचा कारखाना. तिथं मजूर अखंड भिंत बांधतात. ती का बांधायची, हे मालक गाण्यातून विचारतो आणि मजूर पढवलेली उत्तरं देतात. प्रत्येक उत्तर आधीच्यावर रचलं जातं, आणि शेवटी कळतं की भिंतीचं खरं फळ म्हणजे न संपणारं काम. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये ऑफ-ब्रॉडवे प्रयोग झाले तेव्हा ट्रम्प मेक्सिकोच्या सीमेवर भिंतीची घोषणा करत होते. लोकांना गाणं त्यांच्यावरच लिहिलंय असं वाटलं. ते दहा वर्षं जुनं होतं.

मात्र गोड करण्याचा मोह मिचेललाही पुरता टाळता आलेला नाही. प्राचीन ग्रीक स्तोत्रात हेडीज आपल्या होणाऱ्या राणीला, पर्सेफनीला, आईपासून पळवून नेतो आणि ती टाहो फोडते. इथं ती जुनी प्रेमकहाणी होते. ऑर्फियस तिचीच आठवण करून देतो, म्हणून हेडीज पाघळतो. रंगमंचावर हा प्रसंग सुरेख वठतो, पण त्याची किंमत म्हणून पर्सेफनीचा तो टाहो गमवावा लागतो.