अविलाची तेरेसा: मानमरातब मठाच्या दाराबाहेर

१४८५ साली स्पेनमधल्या तोलेदो शहरात हुआन सांचेझ नावाच्या व्यापाऱ्याला इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने प्रायश्चित्त फर्मावले. ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेला हा माणूस चोरून जुना धर्म पाळतो, असा ठपका होता. अपराध्याचा झगा घालून त्याला कित्येक शुक्रवारी शहरातल्या चर्चमधून फिरावे लागले. पुढे कुटुंब अविलात स्थिरावले, प्रतिष्ठा पावले. २८ मार्च १५१५ रोजी जन्मलेली त्याची नात म्हणजे संत तेरेसा. हा वंशेतिहास वायादोलिदच्या जुन्या दाव्याच्या कागदपत्रांतून उजेडात आला, तो थेट १९४६ साली.

वडिलांचा विरोध असूनही १५३५ मध्ये तेरेसा अविलातल्या कार्मेल संघाच्या एन्कार्नासियोन मठात दाखल झाली. १५३९ च्या ऑगस्टमध्ये ती चार दिवस निपचित पडून होती. मठात कबरही खणून झाली होती. ती वाचली, पण जवळजवळ तीन वर्षे अंग लुळे राहिले. १५५४ मध्ये जखमी ख्रिस्ताच्या प्रतिमेपुढे ती कोसळून रडली आणि तिच्या अंतर्यामीच्या साधनेला खरी सुरुवात झाली.

बाहेरचा मठ मात्र होता तसाच होता. दीडशेहून अधिक मठवासिनींत श्रीमंत घरच्यांना स्वतंत्र दालने आणि दिमतीला दासी, गरीब घरच्यांना सामायिक निजघर. २४ ऑगस्ट १५६२ रोजी तेरेसाने सान होसे हा छोटा मठ उघडला आणि ही उतरंड मोडून काढली. बहुमानाची ‘दोन्या’ ही उपाधी बंद. झाडलोट, स्वयंपाक, सूतकताई सगळ्यांना सारखी. पायात दोरखंडी चपला. प्रवेशासाठी रक्तशुद्धीची, म्हणजे पूर्वजांत ज्यू रक्त नसल्याची, अट तिने घातली नाही. आजोबांच्या झग्याची आठवण त्या घराण्यात पुसली गेली नसणार, असे मला वाटते.

१५६७ मध्ये नवा मठ स्थापायला मेदिना देल काम्पोला ती मध्यरात्री पोचली, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या झुंजीसाठी रस्त्यावरून बैल हाकले जात होते. मिळालेले घर पडके, ओसरीत मातीचे ढीग. रातोरात माती उपसून, भिंतींवर पडदे टांगून पहाटे मिस्सा साजरी झाली. उजाडल्यावर दिसले, भिंती ठिकठिकाणी ढासळल्या होत्या. तरीही मठ उभा राहिला. याच गावी तिला तरुण योहान भेटला, पुढचा संत क्रूसाचा योहान. सुधारणेची किंमत त्यानेही मोजली: १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघाने त्याला तोलेदोत डांबले. पोपचा प्रतिनिधी सेगा याने तेरेसाला हट्टी, भटकी बाई ठरवले. अखेर १५८० मध्ये तिच्या सुधारित शाखेला, ‘अनवाणी कार्मेल’ला, स्वतंत्र प्रांत मिळाला.

त्याच धामधुमीत, १५७७ मध्ये, तिने ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ लिहिला. सात दालने ओलांडून आत्मा ईश्वरापाशी पोचतो. पण त्या सातव्या दालनातही ती बायबलमधल्या मार्थेची सेवा आणि मरियेचे ध्यान एकत्र नांदवते. प्रार्थनेचे फळ काम, हा तिचा निर्वाळा.

४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री आल्बा दे तोर्मेस येथे तिचा देहान्त झाला. १६२२ मध्ये, गोव्याच्या फ्रान्सिस झेवियरसोबत एकाच दिवशी, तिला संतपद मिळाले. १९७० मध्ये चर्चच्या आचार्यपदाचा मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

बर्निनीच्या शिल्पाने जगाला तिची भावसमाधी दाखवली. वाचकांनी तिने लिहिलेली मठस्थापनेची हकीकतही जरूर वाचावी. देवाच्या दारी सगळे समान, हे अनेकांनी सांगितले. तेरेसाने ते स्वयंपाकघरापासून निजघरापर्यंत नियम म्हणून लागू केले. तिचे खरे मोठेपण त्यात आहे.