तळघराच्या भिंतीला घाम का येतो?

पुण्याच्या पेठांतील अनेक जुन्या वाड्यांना तळघरे आहेत. एखाद्या तळघराची डागडुजी करून तेथे अभ्यासिका किंवा कार्यालय थाटायचे ठरले, की भिंतींना थर्मोकोलचे तक्ते लावून वर प्लायवूड ठोकण्याचा सल्ला मिळतो. थंड प्रदेशात अशा रोधक थराला अर्थ आहे. पुण्यात मात्र पहिल्याच पावसाळ्यात प्लायवूडमागून कुबट वास येऊ लागण्याचा संभव अधिक. असे का, ते पाहू.

थर्मोकोल म्हणजे बहुतांशी कोंडलेली हवा. अडीच सेंटीमीटर जाडीचा तक्ता उष्णता अडवण्यात सुमारे अर्धा मीटर विटांच्या भिंतीची बरोबरी करतो. मग वाडे बांधणाऱ्यांनी एवढ्या जाड भिंती कशासाठी घातल्या? वीट उष्णता नुसती अडवत नाही, साठवतेही. जेथे हिवाळाभर उष्णता घरातून बाहेरच जात राहते, तेथे या साठ्याचा उपयोग थोडा. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी ३८ अंश आणि पहाटे २० ते २२ अंश, म्हणजे उष्णतेच्या प्रवाहाची दिशा रोज उलटते. उन्हाची ही दैनंदिन लाट विटेत शिरली, की दर १२ सेंटीमीटरला साधारण एक तृतीयांश उरते आणि सुमारे चार तास मागे पडते. ४५ सेंटीमीटरच्या भिंतीतून ती जवळजवळ पोचतच नाही. हल्लीच्या १५ सेंटीमीटरच्या भिंतीतून मात्र दुपारचे ऊन रात्री, नेमके आपण अंथरुणावर पडतो तेव्हा, घरात येते. थर्मोकोलची खरी जागा तेथे, किंवा गच्चीच्या स्लॅबवर. आणि तीही शक्यतो बाहेरच्या अंगाने.

उन्हाळा-हिवाळ्याची लाट ३६५ पट संथ, म्हणून ती ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १९ पट खोल जाते. १२ गुणिले १९ म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. त्याहून बरेच खाली जमिनीचे तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहते. पुण्यात सुमारे २५ अंश. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात मे महिन्याच्या दुपारी जाऊन पाहावे. सभोवतालचा प्रचंड खडकच दिवसाची लाट गिळून टाकतो. तळघरालाही उन्हापासून वाचवणारे आवरण मातीने आधीच दिलेले असते.

तळघराचा खरा शत्रू पाणी. जुलैत बाहेरची हवा २८ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असली, तर तिचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. अशी हवा थंड भिंतीला टेकली की पाणी सुटते. आता भिंतीपुढे थर्मोकोल लावला तर? खोलीकडची बाजू उबदार व कोरडी. पण मागची भिंत जमिनीइतकीच थंड राहते. दमट हवा सांध्यांतून मागे शिरते आणि ओल नजरेआड साचते. बुरशीला आणखी काय हवे?

वर्गात हे दाखवता येते. तांब्यात बर्फाचे पाणी भरा आणि त्याच्या अर्ध्या भागाला जाड कापड सैलसर गुंडाळा. उघड्या भागावर थेंब दिसतील, कापड वरून कोरडे वाटेल. तासाभराने ते सोडून आतली बाजू चाचपा.

तळघरात ओल दोन वाटांनी येते: हवेतून किंवा जमिनीतून झिरपून. वाट ओळखण्यासाठी हातभर ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावी आणि दोन दिवसांनी पाहावी. खोलीकडच्या बाजूला थेंब असले तर हवा दोषी. पावसाळी दिवसांत दारे-झरोके बंद ठेवावे लागतील. थेंब भिंतीकडच्या बाजूला असले तर पाणी जमिनीतले आहे. मग आधी पन्हाळीचे आणि अंगणातले पाणी जोत्यापासून दूर न्यावे. आतून सिमेंटचा गिलावा करून ते थांबत नाही. कोंडलेली ओल दगडी भिंतीत वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून सुकू शकते. प्लायवूड हवेच असेल, तर ते या चाचणीनंतर एक पावसाळा जाऊ देऊन, भिंतीपासून चार बोटे सुटे आणि खाली-वर हवेला वाट ठेवून बसवावे.