तीन लोंब्या, एक लाख एकर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी निवडलेलं एचएमटी हे धान 5 राज्यांत एक लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर पोचलं. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने नोंदवलेला हा आकडा आहे. एक लाख एकर म्हणजे सुमारे 40,500 हेक्टर. दादाजींची स्वतःची जमीन दीड एकर आणि शिक्षण तिसरीपर्यंत.

सुरुवात 1983 ची. पटेल-3 या वाणाच्या बांधीत त्यांना 3 लोंब्या पिवळसर, इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी पिशवीत वेगळ्या ठेवल्या आणि पुढच्या हंगामात स्वतंत्र लावल्या. एका लोंबीत दीडशे दाणे आणि बारीक धानाच्या हजार दाण्यांचं वजन 15-16 ग्रॅम धरलं, तर सगळं बियाणं 450 दाणे, जेमतेम 7 ग्रॅम. 1988 पर्यंत, म्हणजे 5 वर्षांत, वाण शेतभर लावण्याजोगा झाला. व्यापाऱ्यांनी त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं.

5 वर्षं हा काळ जगाच्या मोजमापातही जास्त नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-8 साठी 1962 मध्ये संकर केला आणि 1966 मध्ये वाण प्रसारित केला. त्यांना 4 वर्षं लागली. त्या संस्थेमागे फोर्ड आणि रॉकफेलर ही प्रतिष्ठानं होती. दादाजींचं काम संकराचं नव्हतं, निवडीचं होतं, त्यामुळे तुलना पूर्ण जुळत नाही. पण धान स्वपरागित पीक आहे, परपरागण साधारण 1 टक्क्याच्या आत असतं. चांगली लोंबी ओळखणारी नजर आणि दरवर्षी वेगळं झाड उपटून टाकण्याची शिस्त असेल, तर प्रयोगशाळेशिवायही वाण स्थिर करता येतो.

एचएमटीचं उत्पादन हेक्टरी 40 ते 45 क्विंटल धान. 1983-84 मध्ये देशाची सरासरी हेक्टरी 1,457 किलो तांदूळ होती. एचएमटीच्या 40 क्विंटल धानातून नुसत्या सरकारी निकषाच्या 67 टक्के उताऱ्यानेही 2,680 किलो तांदूळ निघतो, म्हणजे सरासरीच्या 1.8 पट. एका वाणाचा आकडा आणि देशाची सरासरी यांत सिंचन व खतांचा फरक मिसळलेला असतो, हे ध्यानात ठेवूनही फरक मोठा उरतो.

उताऱ्याचा आकडा त्याहून बोलका आहे. सरकारी भरडाईचा निकष 67 टक्के; एचएमटीचा नोंदवलेला उतारा 80 टक्के. 100 क्विंटल धानामागे 13 क्विंटल तांदूळ जास्त, म्हणजे 19 टक्के वाढ. गिरणीवाल्याला हे वाण का हवं होतं, ते या एका आकड्यात आहे.

1994 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून 5 किलो बियाणं नेलं. वरच्या हिशेबाने ते सव्वातीन लाख दाणे होतात. 1998 मध्ये विद्यापीठाचं ‘पीकेव्ही एचएमटी’ प्रसारित झालं. मूळ बियाणं मिश्र होतं, आपण ते शुद्ध केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. शुद्धीकरण हे काम आहेच, पण वेगळेपण ओळखण्याचं काम विद्यापीठाने बियाणं नेण्याच्या 11 वर्षं आधीच झालेलं होतं. माझ्या मते श्रेय तिथूनच मोजायला हवं.

कायद्याची तारीखही दादाजींच्या बाजूची नव्हती. शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करू देणारा कायदा 2001 चा. लोंब्या निवडल्यानंतर 18 वर्षांनी, विद्यापीठाचं वाण आल्यानंतर 3 वर्षांनी. तो राबवणारं प्राधिकरण 2005 मध्ये स्थापन झालं. तोवर बियाणं हातोहात पसरलं होतं, आणि हातोहात गेलेल्या बियाण्यावर स्वामित्वशुल्क मिळत नाही.

मिळालं काय? 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार, 50 हजार रुपये. लाख एकरांवर विभागले, तर एकरी 50 पैसे. 2010 मध्ये ‘फोर्ब्स’च्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव आलं. 3 जून 2018 रोजी त्यांचं निधन झालं.

दादाजींचं काम एचएमटीपाशी थांबलं नव्हतं. नांदेड-92, नांदेड हीरा, विजय नांदेड, नांदेड चिन्नोर, दीपक रत्न, काटे एचएमटी ही वाणं त्यांनी नंतर निवडली. आणखी एका वाणाचं नाव डीआरके, दादाजी रामाजी खोब्रागडे.