ऋण आणि अनुबंध

नोकरीच्या वा व्यवसायाच्या निमित्ताने नव्या शहरी बिऱ्हाड थाटणे ही आपल्या समाजात आता नित्याची गोष्ट झाली आहे. सामानाचा ट्रक दोन दिवसांत पोहोचतो, गॅसची जोडणी आठवड्यात मिळते, मुलांचा शाळाप्रवेश महिन्याभरात मार्गी लागतो. माणसे मिळायला मात्र वेळ लागतो, आणि त्यासाठी अर्ज कोठे करावा हे कोणी सांगत नाही. आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत वैद्यकीय विषयांवर अधिकारी व्यक्तींचे लेख असतीलच. मी मात्र बालरोगतज्ज्ञाच्या टेबलासमोर रोज येऊन बसणाऱ्या एका प्रश्नाविषयी लिहावे असे ठरविले: परगावी आलेल्या माणसाला आपली माणसे मिळतात तरी कशी?

मराठीत या नात्यासाठी ‘ऋणानुबंध’ हा सुंदर शब्द आहे. पूर्वजन्मीच्या देण्याघेण्यामुळे या जन्मी जुळलेले नाते, असा त्याचा परंपरागत अर्थ. पूर्वजन्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात येते. या शब्दात आधी ऋण आहे, अनुबंध नंतर. परगावी मैत्री जुळते ती आपण काय देतो यापेक्षा आपण कोणाकडे काय मागतो यावरून, असे हैदराबादच्या मराठी समाजाचा इतिहास पाहता मला वाटू लागले आहे.

दोन प्रकारचे आगमन

जुन्या हैदराबाद संस्थानाच्या १६ जिल्ह्यांपैकी ५ जिल्हे मराठी भाषकांचे होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद येथील माणसाला हैदराबाद हे परराज्य नव्हते, राजधानी होती. वकिली, सरकारी नोकरी, शिक्षण अशा कारणांनी तो येथे येई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांतील मराठी कुटुंबे घराची एक वीटही न हलविता परप्रांतीय झाली.

दुसरे आगमन आपल्या डोळ्यांसमोरचे. १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि पुढील काळात पुणे, नागपूर, नाशिक, लातूर येथील तरुण मंडळी माधापूर, कोंडापूर, गच्चीबावलीकडे येऊ लागली. पहिल्या पिढ्यांना वाडा, गल्ली आणि गावाकडचा कोणीतरी नातलग मिळे. या पिढीला चौदाव्या मजल्यावरची सदनिका मिळाली.

एक चित्रकार, एक वकील

वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९०० च्या सुमारास हैदराबादेस आले ते चित्रकार म्हणून. सावंतवाडीकडचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले हे तरुण गृहस्थ व्यक्तिचित्रे काढून उदरनिर्वाह करण्यासाठी या शहरात आले. केशवराव कोरटकर परभणीकडचे. गुलबर्ग्यात वकिली करून ते हैदराबादेस आले आणि पुढे येथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. एक कोकणातला, एक मराठवाड्यातला. एकाचा कुंचला, दुसऱ्याचा कायदा. गाव, धंदा, नातेगोते यांपैकी काहीच समान नव्हते.

त्यांना जवळ आणले ते सामायिक कामाने. दोघेही आर्य समाजाच्या कार्यात होते. मराठी मुलांसाठी शाळा हवी होती. वामनराव नाईक, कोरटकर, सातवळेकर आदी मंडळींच्या उद्योगातून १९०७ साली विवेकवर्धिनी पाठशाळा उभी राहिली. पुढे सातवळेकरांच्या लेखनाकडे सरकारची वक्रदृष्टी वळली आणि त्यांना हे शहर सोडावे लागले. शाळा मात्र राहिली. कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल ही संस्थाही नारायणगुड्यात उभी आहे. नुसत्या गप्पांच्या बैठकीने माणसे ओळखीची होतात. एकत्र वर्गणी मागत हिंडल्यावर ती मित्र होतात. वर्गणी मागणे हेही मागणेच.

१९३१ साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरले आणि ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. मायभूमीपासून दूर आलेल्या समाजाने तीन दशकांत एवढे घडविले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

१९२१ ची सभा

या अभिमानाला एक दुसरी बाजू आहे आणि तीही आपण वाचली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभागृहात समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. भाषणे इंग्रजी, उर्दू आणि मराठीतून चालली होती. आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूतून बोलावयास उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी, आणि त्यांत मराठी मंडळी बरीच होती, थट्टा आणि गलका करून त्यांना बोलणे अशक्य केले. व्यथित झालेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि आंध्र जनसंघम या संस्थेचा जन्म झाला. माडपाटी हनुमंतराव हे त्यांतील एक प्रमुख. तेलंगणातील तेलुगू भाषेच्या आणि अस्मितेच्या चळवळीचा आरंभ अनेक अभ्यासक या प्रसंगापासून मानतात.

स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींच्या अध्यक्षतेखाली, सुधारणेसाठी भरलेल्या परिषदेत हे घडावे, याचे वाईट वाटते. परंतु त्याचा कार्यकारणभाव समजण्याजोगा आहे. परगावी स्थिरावलेला समाज स्वतःला पुरेसा झाला की त्याला शेजाऱ्याची गरज उरत नाही. आपली शाळा, आपले ग्रंथालय, आपला गणपती, आपले नाटक. गरज संपली की कान बंद होतात. आपल्या माणसांचा आधार पहिल्या वर्षी अमृतासारखा असतो, हे खरे. पण त्या आधारालाच चार भिंती आल्या की त्याच गावात आपण पुन्हा परके ठरतो.

याच्या उलट उदाहरण त्याच काळातले आहे. सुलतान बाजारातील श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय १९०१ साली स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजु लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरास झाले होते. त्यांची भगिनी, तेलुगू लेखिका बंडारू अच्चमांबा, पतीच्या नोकरीमुळे तेथे राहत असे आणि तिने धाकट्या भावाला शिकावयास आपल्याकडे नेले. नागपुरात हा तेलुगू मुलगा मराठी इतके उत्तम शिकला की मराठी नियतकालिकांत लेख लिहू लागला. पुढे त्यांनी तेलुगूत शिवाजी महाराजांचे चरित्रही लिहिले. परभाषेकडून घेतलेले ऋण त्यांनी आपल्या भाषेत असे फेडले.

आपल्यांतले सेतुमाधवराव पगडी याच वाटेचे. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबाद भागात त्यांचा गोंड समाजाशी संबंध आला, तेव्हा दुभाष्यावर न विसंबता ते गोंडी शिकले आणि गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. साहेब आपल्याकडून शब्द मागतो आहे, हे पाहून समोरच्या माणसाला काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

‘नक्को’ आणि ‘ज्वरम्’

भाषा हे परगावी मागण्याचे पहिले आणि सर्वांत स्वस्त ऋण आहे. येथील दख्खनी बोलीने मराठीकडून ते केव्हाच घेतले. ‘नक्को’ हा आपला ‘नको’, आणि ‘मैंच’, ‘ऐसाच’ यांतील ‘च’ आपलाच. मात्र दख्खनीतला ‘परसों’ नीट समजून घ्यावा लागतो. “परसों से बुखार है” असे माता सांगते तेव्हा ती दोन दिवस म्हणते आहे की दोन आठवडे, हे पुन्हा विचारल्यावाचून विषमज्वराचा विचार करू नये, हे येथील प्रत्येक डॉक्टर पहिल्या महिन्यात शिकतो.

तेलुगूची गंमत निराळी. आपण ताप, उलटी, जुलाब म्हणतो. तेलुगू माता ज्वरम्, वांतुलु, विरेचनालु म्हणते. खेड्यातून आलेली, अक्षरओळख नसलेली स्त्री आयुर्वेदाच्या ग्रंथातील शब्द सहज उच्चारते, तेव्हा मराठी डॉक्टरला प्रथम नवल वाटते आणि मग हायसे. उरतो खोकला, त्याला मात्र दग्गु म्हणावयास शिकावे लागते. आपण दृष्ट म्हणतो, ती दिष्टि म्हणते, आणि काजळाची तीट बाळाच्या गालावर दोन्ही घरांत सारखीच असते. उगादी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी येतात. आपला भोंडला आणि येथील बतुकम्मा एकाच ऋतूत फेर धरतात.

एवढे सामायिक असताना वीस-वीस वर्षे येथे राहून “तेलुगू येत नाही” असे सहज सांगणारी कुटुंबे आपल्यांत आहेत. इंग्रजी व हिंदीवर सारे निभावते, हे खरे. निभावते म्हणूनच मैत्री होत नाही. चुकतमाकत दोन वाक्ये तेलुगूत बोलणाऱ्याला समोरचा दुरुस्त करतो, हसतो, आणि तेथून ओळख पुढे सरकते.

वाटी

मैत्री कशी जुळते यावर शास्त्रीय अभ्यासही झाले आहेत. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला. स्वभाव वा आवडींपेक्षा कोणाचे दार कोणाच्या जवळ आहे, जिना कोठे आहे, यावर मैत्री अधिक अवलंबून असल्याचे त्यात दिसले. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार साधी मैत्री जुळण्यास सुमारे ५० तासांचा, चांगल्या मैत्रीस सुमारे ९० तासांचा आणि घनिष्ठ मैत्रीस २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो. नोकरीच्या ठिकाणचे तास त्या मानाने कमी उपयोगी पडतात, असेही त्यात आढळले.

आपल्या आज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी आणि वाटी रिकामी परत करू नये. वाटीतून काहीतरी गेले की पुन्हा काहीतरी येणे राहते. हिशेब कधी पुरा होत नाही आणि तो पुरा होऊ नये हीच त्यातली खुबी. आज साखर दहा मिनिटांत दारात येते. सोय उत्तम आहे. पण शेजारणीचे दार वाजविण्याचे शेवटचे निमित्त तिने नेले.

त्याचा परिणाम मला बाह्यरुग्ण कक्षात दिसतो. चार महिन्यांचे बाळ, पती कार्यालयात, सासर-माहेर पाचशे किलोमीटरवर. रात्री बाळ रडू लागले तर कोणाला हाक मारता, असे मी अशा मातांना विचारतो. “आई व्हिडिओ कॉलवर असते,” हे नेहमीचे उत्तर. पडद्यावरची आजी बाळाला पाहू शकते, घटकाभर कडेवर घेऊन आईला झोपू देऊ शकत नाही. प्रसूतीनंतरच्या नैराश्यामागे जी कारणे असतात त्यांत आधाराचा अभाव हे एक महत्त्वाचे कारण आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुलांचेही तसेच. भाषा बाळाला बोलणाऱ्या माणसांकडून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बालकास पडदा दाखवूच नये. पण बंद घरातील एकट्या आईला हा उपदेश करताना तिला पर्याय म्हणून एखादे माणूस सुचवता आले पाहिजे.

२०२० च्या टाळेबंदीत याची परीक्षा झाली. ज्यांनी आधी काही मागितले होते त्यांना तेव्हा मागणे सोपे गेले.

आपले काम

नव्याने येणाऱ्या डॉक्टरचे एकटेपण आणखी वेगळे. गावात त्याला शेकडो लोक ओळखतात, पण ते रुग्ण असतात. समव्यवसायी भेटतात, पण ते स्पर्धकही असतात. रात्री दोन वाजता अत्यवस्थ बालकाविषयी निःसंकोच सल्ला विचारता येईल असा एक दूरध्वनी क्रमांक ज्याच्याजवळ आहे, तो डॉक्टर त्या शहरात रुजला असे समजावे.

आपल्या मंडळाने तीन गोष्टी सहज कराव्यात. बाळाच्या नोंदवहीत लसींच्या तारखांबरोबर ‘जवळ राहणारे मदतीचे माणूस’ ही एक ओळ ठेवावी. ती रिकामी राहिली तर आईशी चार शब्द अधिक बोलावेत. एकाच परिसरात राहणाऱ्या दोन मातांची, दोघींची संमती घेऊन, ओळख करून द्यावी, आणि त्यांतली एक तेलुगू भाषक असल्यास फारच उत्तम. मंडळाच्या बैठकीपूर्वी अर्धा तास तेलुगूचा वर्ग ठेवावा आणि तो शिकविण्याची विनंती एखाद्या तेलुगू सहकाऱ्यास करावी.

आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना दिवाळीच्या फराळाला आपण बोलावतोच, तसे बोलवावे. पण फराळ झाल्यावर त्यांच्याकडे काहीतरी मागावेही: कार्यक्रमाची जबाबदारी, एक रविवार, आईंना रुग्णालयात नेण्यासाठी गाडी. नव्या माणसाला पाहुणचार हवा असतो, त्याहून अधिक आपली कोणाला तरी गरज आहे हे ऐकावयाचे असते.