मढ : मुंबईतलं कोळ्यांचं गाव

मुंबई म्हटलं की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण आमच्या मालाड स्टेशनवरून बस धरून मालवणी, आक्सा, एरंगळ, भाटी ओलांडली की मढ हे कोळ्यांचं गाव लागतं.

गाव जुनं आहे. इथला किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. १७३९ साली वसईच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. शेजारच्या एरंगळचं चर्च १५७५ सालचं. जानेवारीत तिथे सण भरतो, त्याला सगळ्या धर्मांची माणसं येतात.

पण गावाचा संसार चालतो तो वाळवणावर. पुरुष डोलजाळं घेऊन समुद्रात जातात. मासळी किनाऱ्याला लागली की निवडणं, वाळवणं, विकणं हे सारं बायांचं काम. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंना बांधलेल्या दोरीवर टाकायचे. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत वाळतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हीच सुकी मासळी घर चालवते.

म्हणजे वाळवणाची मोकळी जागा हेच या बायांचं भांडवल. तिथे इमारत उभी राहिली, तर होड्या येतील, पण बाईची कमाई जाईल.

तुमच्या गावातही खळं, गायरान, पाणवठा असेल. तो गावाच्या नकाशात आहे का, हे गटाने मिळून तलाठ्याकडे बघा. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा. जागा टिकली, तरच गाव टिकतं.