टनाला 366

नाताळात ऊसतोड मजुरांना ब्लँकेटं वाटायची नाहीत, असं कोरेगावातल्या एका बाईंनी आपल्या वर्गातल्या मुलांना सांगितलं आणि मुलांचे आईबाप नाराज झाले. हे कानावर आलं, म्हणून मी तो वर्ग बघायला गेले. ऐन थंडीत ब्लँकेट नको म्हणणारी ख्रिस्ती शिक्षिका मुलांना शिकवते तरी काय, हे मला समजून घ्यायचं होतं.

बाई निवृत्त परिचारिका. शिकल्या मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात. रविवारच्या उपासनेनंतर त्यांच्या ओसरीवर तेरा ते सतरा वर्षांची मुलं-मुली जमतात. सलाम झाला, गीत झालं, प्रार्थना झाली. शास्त्रभाग मत्तयाचा पंचविसावा अध्याय. भुकेला, उघडा, आजारी, परका, तुरुंगातला, या सगळ्यांच्या जागी ख्रिस्त स्वतःला ठेवतो, हे एका मुलीने न अडखळता सांगितलं. बाईंनी मान डोलावली. "पाठ आहे. आता वह्या काढा."

आणि फळ्यावर आकडा लिहिला: 366.

जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले, तर दोघांचे मिळून 732. हंगामाआधी मुकादमाकडून लाखाची उचल घेतली असं धरा. ती फिटायला किती दिवस? पोरांनी भागाकार केला. जवळजवळ 137 दिवस, तेही एक खाडा न करता. गाळप अलीकडे शंभर-सव्वाशे दिवसांतच आटोपतं.

"आणि एवढे दिवस खायचं काय?"

कुणी बोलेना. मग मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "वाढे विकतात, मावशी." त्याच्या घरी म्हशी आहेत. रोज सकाळी वडील फडावरून उसाचे हिरवे शेंडे विकत आणतात.

"पेंढीला काय देतो तुझा बाप?"

त्याने आकडा सांगितला, पण इतक्या खाली बघून की पहिल्या रांगेला ऐकूच गेला नाही. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. फळ्यावरही लिहिला नाही. त्यांनी लेवीयचं पुस्तक उघडायला लावलं. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, मागे राहिलेला सरवा वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा, अशी तिथे आज्ञा आहे. रूथ त्याच सरव्यावर जगली. "ज्वारीच्या रानात कणसं मागं राहतात," बाई म्हणाल्या, "उसाच्या रानात फक्त वाढे राहतात. बीडहून आलेल्या माणसाचा सरवा तो. आणि आपण त्याच्यात घासाघीस करतो."

मी त्या मुलाकडेच बघत होते. तो वहीत 366 हाच आकडा गिरवत बसला होता. मला तो वर्ग आठवला की आधी तो मुलगा आठवतो.

दारात वर्गातल्या एका मुलीचे आजोबा बसले होते. या भागातली बरीचशी ख्रिस्ती कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपूर्वी दुसऱ्यांच्या रानात राबणारीच होती, त्यामुळे गरिबी हा त्यांच्यासाठी परक्याचा विषय नाही. नातवंडांना तो तसा वाटू लागलाय, याचीच बाईंना काळजी. आजोबांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. "सुकडी मिळायची, पोट भरायचं," ते म्हणाले. "पण वाटणाऱ्यानं कधी तोंडाकडं बघितलं न्हाई. नाव तर सोडाच."

पंडिता रमाबाईंचं नाव बाईंनी इथे काढलं. दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या, म्हणजे या मुलींच्याच वयाच्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या, तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. आमच्याकडे रमाबाईंची विद्वत्ता सांगतात, धर्मांतर सांगतात. सोळा वर्षांची उपाशी रमा फार कमी ठिकाणी शिकवली जाते.

उन्हं उतरल्यावर सगळे मजुरांच्या तळाकडे निघाले. जरंडेश्वर कारखान्याच्या दिशेने उसाच्या गाड्या चालल्या होत्या. बाईंची अट अशी की हातात काही न्यायचं नाही, फोटो काढायचा नाही, आणि निदान एका माणसाचं नाव विचारून यायचं. कोपीसमोर, म्हणजे मजुरांच्या खोपटासमोर, चूल पेटत होती, पाचटाचा धूर डोळ्यांत जात होता. एका म्हातारीने विचारलं, "विलेक्शनवाले का तुम्ही?" मुलं लाजली. काही जण नुसतेच उभे राहिले, आणि ते उभं राहणं बघवत नव्हतं. मला वाटतं, हाच धड्याचा सगळ्यात अवघड भाग असावा. रिकाम्या हाताने गेलं की आपण कोण, हा प्रश्न आपल्यालाच पडतो.

दोन मुली मात्र एका लेकुरवाळीजवळ खाली बसल्या. बाळ दहा महिन्यांचं. आईने पत्र्याच्या पेटीतून त्याचं लसीकरणाचं कार्ड काढून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. मुलींनी वाचलं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची जागा कोरी होती. गाव सुटलं, लस सुटली.

"सरकारी दवाखान्यात फुकट मिळते," मुली म्हणाल्या. "उद्या जा ना."

"उद्या फड हाय. खाडा कोण भरंल?"

मुलींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी गणित त्यांच्यावरच सोडलं. अर्धा दिवस गेला की एक टन गेला. फुकटची लस 366 रुपयांना पडते, हे धाकटीने स्वतःच मोठ्याने म्हटलं. फळ्यावरच्या आकड्याचा अर्थ तिला तिथे लागला असं मला दिसलं, आणि बाईंची पद्धत मला पटली ती त्या क्षणी. ब्लँकेट देऊन परतलेल्या मुलीने ते कार्ड पाहिलंच नसतं.

बाईंनी लस स्वतः मिळवून दिली नाही. त्यांनी मुलींना आरोग्य उपकेंद्राचा नंबर दिला आणि बोलायला लावलं. पहिल्या फोनला टोलवाटोलवी झाली, दुसऱ्याला नर्सबाईंनी तळावर किती बाळं आहेत ते विचारलं. मुली पुन्हा कोपी-कोपीने हिंडल्या, नावं लिहून घेतली. फड सुटायच्या वेळी येते, असं नर्सबाईंनी कबूल केलं.

ब्लँकेटांवरून मंडळीत वाद चालूच आहे. वाढ्यांचा भाव हा त्याहून नाजूक विषय. त्या मुलाने घरी जाऊन सरव्याचं सांगितलं म्हणे, आणि पुढच्या रविवारी त्याचे वडील बाईंशी बोलायला वर्गात येणार आहेत.