रक्त दिसले की मूळव्याधच, असे धरून चालू नका

श्रोतेहो, आजचा विषय चारचौघांत काढला तर माणसे खाली बघतात. ताप-खोकल्याबद्दल आपण शेजाऱ्याशी खुशाल बोलतो. पण शौचाच्या वेळी रक्त पडले तर घरच्या माणसालाही सांगत नाही. रोग वाढायला हा संकोचच मुदत देतो. म्हणून मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाविषयी आज थोडे उघडपणे बोलू या.

समजा, घाटकोपरच्या चाळीत राहणारे एक चाळिशीचे गृहस्थ आहेत. शौचावाटे थोडे रक्त जाते. लोकलच्या डब्यात मूळव्याधीवर हमखास औषधाचा कागद चिकटवलेला असतो, तो ते वाचतात आणि पुडी आणतात. आठ दिवस रक्त थांबते, पुन्हा सुरू होते. दुसरी पुडी येते. असे वर्ष निघून जाते. मग वजन उतरते, पोट गच्च होते आणि तेव्हा कुठे डॉक्टरकडे जाणे होते. बोरिवली, मुलुंडकडे काय आणि एखाद्या खेड्यात काय, ही गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच घडते.

आता तुम्ही म्हणाल, मूळव्याधीतही रक्त पडतेच की! पडते, आणि बहुतेक वेळा कारण तेच साधे असते. पण ते ठरवायचे कोणी? मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. आपल्या देशात हा रोग तरुण वयातही आढळतो आणि त्यात गुदाशयाच्या रोग्यांचे प्रमाण मोठे आहे. गुदाशयातली खालची गाठ पुष्कळदा डॉक्टरांच्या बोटालाच लागते. हातमोजा घालून केलेली दोन मिनिटांची तपासणी, तीसुद्धा आपण लाजेपायी टाळतो!

हा रोग होतो कसा, ते पाहा. मोठे आतडे सुमारे पाच फूट लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसाचा लहानसा कोंब फुटतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. काही थोडे मात्र हळूहळू बिघडतात. कोंबाचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. शेतात तण लहान असतानाच उपटले तर पीक वाचते, तसाच हा हिशेब आहे. कोंब वेळीच काढला तर पुढचा रोग होतच नाही.

मुंबईची हद्द १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. पुढे १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. वस्तीतल्या प्रत्येक नव्या रोग्याची नोंद ठेवणारी ही देशातली पहिली वही. खेड्यांसाठी अशी वही १९८७ साली बार्शी भागात सुरू झाली. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर आतड्याचा कर्करोग बार्शीकडे कमी आणि मुंबईत जास्त दिसतो. पाश्चात्त्य देशांत तर तो याहून पुष्कळ जास्त आहे.

असे का? डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शल्यवैद्यांनी आफ्रिकेत बरीच वर्षे काम केले. कोंडाचोथा भरपूर खाणाऱ्या लोकांत हा रोग विरळा का, असा प्रश्न त्यांनी १९७१ च्या सुमारास जगापुढे मांडला. आज एवढे नक्की झाले आहे की धान्याचा चोथा उपकारक, आणि दारू, तंबाखू, लठ्ठपणा व बैठे काम अपायकारक. खारवून, धुरवून टिकवलेले मांस कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली जाहीर केले. तेव्हा ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि मोडाची उसळ यांना गरिबाचे जेवण म्हणून नाक मुरडू नका. मात्र भाकरी खातो म्हणून रोग होणारच नाही, असेही समजू नका.

आता खुणा ध्यानात ठेवा. शौचावाटे रक्त किंवा शेंब जाणे. वर्षानुवर्षांची सवय बदलून काही आठवडे बद्धकोष्ठ किंवा जुलाब राहणे. जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे. कारणाशिवाय वजन घटणे. आणि रक्त कमी होऊन थकवा येणे. बायकांचा थकवा तर घरात कोणी मोजतच नाही! प्रौढ माणसाचे रक्त कमी का झाले, हे शोधल्याशिवाय नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर भागवू नका.

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला हा रोग झाला असेल, तर खुणांची वाट पाहू नये. चाळिसाव्या वर्षी, किंवा नातलगाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा डॉक्टरांना भेटावे. इतरांनीही पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांना विचारावे. एक तपासणी शौचाच्या नमुन्यातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधते. दुसरी दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी रेचक घेऊन पोट साफ करतात, गुंगीचे औषध देतात आणि लवचीक नळीने आतडे आतून पाहतात. कोंब दिसला तर बहुधा तिथल्या तिथे काढतातही.

रोग आतड्यापुरताच असताना सापडला, तर दहांतले नऊ जण पाच वर्षांनंतरही हयात असतात, असे अमेरिकेतल्या नोंदी सांगतात. तोच यकृतापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत पसरल्यावर दहांत एक-दोघेच. एवढे अंतर वेळेमुळे पडते. सुरुवात आपल्या डॉक्टरकडे किंवा जवळच्या सरकारी अथवा नगरपालिकेच्या दवाखान्यात करा. गरज पडली तर ते मोठ्या रुग्णालयात पाठवतील. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून याच कामात आहे. खर्चाची धास्ती असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पालकसभेत हा विषय एकदा तरी काढा. गुरुजी बोलले की गावाची भीड चेपते. आणि श्रोतेहो, आज रात्री जेवताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, 'पोटाचा काही त्रास नाही ना?' कदाचित ते या प्रश्नाचीच वाट पाहत असतील.